खालिद जमील आणि मुंबई एफसीची ती सात वर्षं

गोदाकाठ_११
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:२०

मंगळवारी ढाक्यात आपला फुटबॉल संघ बांगलादेशाकडून १-० हरला. अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनने गोल केला आणि उरलेल्या वेळात आपल्याला तो फेडता आला नाही. २००३ नंतर पहिल्यांदा त्यांनी आपल्याला हरवलं. त्या रात्रीपासून आपल्या नाशिकच्या ग्रुपांवर भारताचा प्रशिक्षक खालिद जमीलबद्दल 'खालिदला काढा', 'कोणी नेमलं याला', 'कोण हा माणूस' असं चाललंय. हरल्यावर राग येतोच, मलाही आला. पण 'कोण हा माणूस' हे वाक्य मनाला लागलं.

आज सकाळी सिडकोतल्या मैदानावर चौदा वर्षांखालच्या पोरांपैकी एकाने तेच विचारलं. "सर, हा खालिद स्वतः कधी खेळलाय का?" मी वीस मिनिटं सांगत बसलो, तेवढ्यात पालक न्यायला आले. राहिलेलं इथे लिहितो. मोठं होईल, सावकाश वाचा.

खेळलाय. भारतासाठी खेळलाय, मिडफिल्डमध्ये. जन्म १९७७ चा, कुवेतमधला. तिकडे युद्ध पेटलं आणि कुटुंब मुंबईत आलं. १९९७ मध्ये महिंद्रा युनायटेड, पुढच्या वर्षी एअर इंडिया, २००२ मध्ये पुन्हा महिंद्रा. एअर इंडियात बिमल घोष प्रशिक्षक होते, महिंद्रात पुढे डेरिक परेरा आले. त्या काळात मुंबईत राहून फुटबॉल शिकायला याहून चांगली दोन माणसं मिळाली नसती. २००५-०६ मध्ये महिंद्राने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. महाराष्ट्रातल्या संघाने ती लीग जिंकण्याची ती एकमेव वेळ. खालिद तेव्हा त्या संघात होता.

२००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब निघाला, खालिद तिकडे गेला. डेव्हिड बूथ या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी दुसरा विभाग जिंकला आणि ते आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये, आले. २००९ मध्ये खालिदने बूट काढले आणि त्याच वर्षी क्लबने संघ त्याच्याच हाती दिला. वय बत्तीस. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांनाच आज 'तू बाहेर बस' म्हणायचं.

आता मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं. पेपरात खालिदचं नाव आलं की मिझोरामचा ऐजॉल क्लब येतो, त्यांनी लीग जिंकली तो २०१७ चा चमत्कार येतो. मुंबई एफसीची २००९ ते २०१६ ही सात वर्षं एका ओळीत उरकली जातात, कारण त्यात करंडक नाही. माझं म्हणणं उलट आहे. हा माणूस घडला तो त्या सात वर्षांत. ती नसती तर ऐजॉल झालंच नसतं.

कोलकात्याच्या आणि गोव्याच्या मोठ्या क्लबांसारखा पैसा नाही. चांगला परदेशी स्ट्रायकर परवडत नाही. बंगळूरुचा क्लब लीगमध्ये आल्यावर तर फरक आणखी वाढला. अशा संघाला दरवर्षी एकच परीक्षा असते, खालच्या विभागात घसरायचं नाही. सात वर्षांत मुंबई एफसी एकदाही घसरली नाही. लीगचा तक्ता वरून वाचणाऱ्याला हे दिसत नाही, तो खालून वाचावा लागतो.

कसं टिकायचं, हे मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चौघांची एक ओळ मागे, चौघांची दुसरी तिच्यापुढे दहा-बारा मीटरवर. चेंडू उजवीकडे गेला की आठही जण उजवीकडे सरकतात. मधून वाट द्यायची नाही, समोरच्याला कडेला ढकलायचं, तिथून तो क्रॉस टाकेल, तो आपल्या सेंटर बॅकने डोक्याने बाहेर काढायचा. आणि डोक्याने काढलेला चेंडू जिथे पडेल तिथे आपला माणूस आधी पोचलेला हवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आम्ही पोरांच्या कमरेला दोरी बांधून शिकवतो, एक हलला की चौघांनी हललं पाहिजे. पोरं दोन दिवसांत कंटाळतात. मोठ्या खेळाडूंकडून हे सात वर्षं रोज करून घ्यायचं, तेही आपण पहिले येणार नाही हे माहीत असताना, याला काय लागत असेल याचा विचार करा.

२०१६ मध्ये क्लबने त्याला निरोप दिला. पुढच्या मोसमात मुंबई एफसी शेवटची आली, घसरली आणि बंद पडली. त्याच मोसमात खालिदचा ऐजॉल संघ भारताचा विजेता झाला.

---

सातपूर_शिफ्ट
सकाळी ११:०५

महिंद्राचं नाव वाचलं आणि थांबलो. माझे वडील इथे सातपूरच्या महिंद्रा प्लांटमध्ये होते. महिंद्रा युनायटेड जिंकली की ते घरी येऊन असं सांगायचे जणू स्वतः खेळून आलेत. लाल जर्सीचा फोटो पेपरातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, तो अजून आहे. २०१० मध्ये संघ बंद झाला त्या दिवशी ते जेवताना काही बोलले नाहीत.

तेव्हा आम्हाला वाटायचं की चांगलं खेळलं तर कंपनीत नोकरी लागेल. एअर इंडिया, महिंद्रा, रेल्वे, बँका. आता पोरांना काय सांगायचं?

---

देवळालीकर
दुपारी १२:४०

गोदाकाठ, लेख आवडला. माझं वय एकाहत्तर, म्हणून थोडं मागचं सांगतो.

आपल्याकडे मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक झाला ही गोष्ट नवी नाही. पी. के. बॅनर्जी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये कर्णधार होते, फ्रान्सविरुद्ध १-१ बरोबरी झाली तो गोल त्यांचा. १९६२ मध्ये जकार्ताला एशियाडचं सुवर्ण मिळालं त्या संघात ते होते. पुढे १९७० ला बँकॉकमध्ये आपण कांस्य जिंकलं तेव्हा ते प्रशिक्षकांच्या बाकावर होते आणि कर्णधार होते सय्यद नईमुद्दीन. मग तेच नईमुद्दीन भारताचे प्रशिक्षक झाले. म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती कंदील दिल्यासारखं होतं ते. १९५१ आणि १९६२ ची दोन्ही सुवर्णपदकं ज्यांच्या हाताखाली आली ते हैदराबादचे रहीमसाहेब तर शाळामास्तर.

हा कंदील मध्ये कुठेतरी विझला. २०११-१२ मध्ये साविओ मेदेरा होते, त्यानंतर थेट या ऑगस्टमध्ये खालिद. मधली तेरा वर्षं भारतीय माणूस त्या खुर्चीवर कायमचा बसला नाही. परदेशी प्रशिक्षक वाईट होते असं नाही, पण आपल्या माणसाला शिकायला जागाच राहिली नाही.

ऐजॉलवरून एक आठवण. लहानपणी आम्ही देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या मैदानाच्या कडेला उभं राहून जवानांचा खेळ बघायचो. त्यात एक मिझो जवान होता, अंगाने एवढासा, पण चेंडू त्याच्या पायाला चिकटून असायचा. पावसात चिखल झाला की बाकीचे घसरायचे, तो तसाच पळायचा. कॅम्पातल्या आम्हा पोरांना तेव्हा मिझोराम नकाशावर दाखवता आलं नसतं. ऐजॉल जिंकलं त्या दिवशी मला तो जवान आठवला.

---

बॅकलाइन_४
दुपारी १:३०

गोदाकाठ दादा, तुमचा आदर आहे, तुमच्याच मैदानावर मी दोन वर्षं खेळलोय. पण मला हे पटत नाही.

मुंबई एफसीला वाचवायला जे लागतं ते भारताच्या संघाला पुढे न्यायला लागत नाही. घसरू नये म्हणून खेळणं आणि जिंकायला खेळणं, दोन्ही वेगळं. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरविरुद्ध बघा. चौदाव्या मिनिटाला छांगतेने काय सुंदर गोल मारला! त्यानंतर दुसरा मारायचा की नाही? आपण मागे सरकत गेलो. त्यांच्या साँग उई-यंगने हाफटाइमच्या तोंडावर एक आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला दुसरा मारला, १-२. घरच्या मैदानावर. २०२७ च्या आशियाई चषकाची दारं तिथे बंद झाली. २०१९ आणि २०२३ ला आपण होतो, आता नाही.

ऐजॉलला आठ वर्षं झाली. ईस्ट बंगालला चौथा आला. नॉर्थईस्ट युनायटेडला २०२१-२२ मध्ये अकरा संघांत दहावा. हे पण लिहा ना. मला माणूस म्हणून त्याच्याबद्दल काहीही वाईट बोलायचं नाही. पण लांब चेंडू, थ्रो-इन आणि कॉर्नर यांच्यावर आशियात किती दिवस भागणार?

---

कूपरेज_स्टँड
दुपारी २:१५

मी मुंबई एफसीचा सामना प्रत्यक्ष बघितलाय, म्हणून लिहितो. कॉलेजात होतो. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, कूपरेज मैदानावर स्टँडमध्ये बसलो. माणसं थोडीच, पण सगळी एकमेकांना ओळखणारी. बेंचसमोर टोपी घातलेला हा माणूस नव्वद मिनिटं एका जागी उभा राहिला नाही. सामन्यातलं मला फार आठवत नाही, हा माणूस आठवतो. एका थ्रो-इनसाठी त्याने स्वतःच्या लेफ्ट बॅकला तीनदा दोन पावलं मागे यायला लावलं. दोन पावलं! मी तोपर्यंत फुटबॉल म्हणजे चेंडू कुठे आहे ते बघायचो. त्या दिवसापासून चेंडू नसलेली माणसं बघायला लागलो.

परतीची पंचवटी हुकली. दादरहून एसटी पकडली, महामार्ग स्टँडवर उतरलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता.

---

गोदाकाठ_११
दुपारी ४:५०

सगळ्यांना उत्तर देतो. आधी बॅकलाइन, कारण तुझे मुद्दे खरे आहेत आणि ते मी टाळणार नाही.

मडगावचा सामना माझ्याही डोळ्यांसमोरून जात नाही. तिथे आपण आघाडी घेऊन मागे सरकलो, तू म्हणतोस ते बरोबर. पण त्या पात्रता फेरीचा हिशेब पूर्ण मांड. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी ०-०, जूनमध्ये हाँगकाँगकडे ०-१. दोन सामने, एक गुण. तेव्हा प्रशिक्षक मानोलो मार्केझ होते. ते गेले आणि १ ऑगस्टला खालिद आला. म्हणजे संघ त्याच्या हाती आला तोच घसरणीवर उभा असताना. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये आपल्या झिंगनला दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालं, दहा जणांनी चाळीस मिनिटांहून जास्त खेळून रहीम अलीने नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी केली. तो गुण त्याच टिकून राहण्याच्या शिक्षणातून आला, ज्याला तू कमी लेखतोस.

आणि ऑगस्ट-सप्टेंबर विसरू नकोस. काफा नेशन्स कप या मध्य आशियातल्या स्पर्धेला मोहन बागानचे खेळाडू मिळाले नव्हते, हाताशी तयारीचे दिवस थोडे. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं, अन्वर अली आणि झिंगन या दोन बॅकनी गोल केले आणि गुरप्रीतने पेनल्टी अडवली. इराणकडून ०-३ हरलो, अफगाणिस्तानशी ०-०. मग तिसऱ्या जागेसाठी ओमान, क्रमवारीत आपल्या पन्नासहून जास्त जागा वर. मागे पडल्यावर उदांताने १-१ केलं आणि पेनल्टीवर ३-२ जिंकलो. त्या आठवड्यात याच ग्रुपांवर खालिदचे फोटो फिरत होते.

आता तुझा मूळ मुद्दा, की घसरू नये म्हणून खेळणं वेगळं आणि जिंकायला खेळणं वेगळं. याचं उत्तर ऐजॉल आहे, म्हणून ते नीट सांगतो.

२०१५-१६ मध्ये ऐजॉल आय-लीगमध्ये खालून दुसरा आला. शेवटचा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण त्यांना रेलिगेशनमधून सूट होती, म्हणून घसरला ऐजॉल. मग गोव्याचे क्लब लीग सोडून गेले, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला परत घेतलं. असा संघ. खालिद तिथे जाताना मुंबई एफसीतली ओळखीची पोरं घेऊन गेला. आपला मुंबईचा जयेश राणे त्यात होता, आशुतोष मेहता होता. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा अल-अमना आणि लायबेरियाचा जार्यान, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो. आणि बाकी मिझो पोरं, पळायला न थकणारी.

बघ, साधन तेच होतं. त्याच दोन ओळी, तीच दोरी. पण मुंबईत चेंडू हिसकावल्यावर पुढे द्यायला कोणी नव्हतं. इथे अल-अमना होता. चेंडू त्याच्या पायात आला की दोन्ही कडांनी पोरं सुटायची. बचाव तोच राहिला, फक्त त्याच्या टोकाला एक दार उघडलं. म्हणून मी म्हणतो, सात वर्षं तो भिंत बांधायला शिकला होता, दार बसवायला सुतार पहिल्यांदा मिळाला.

२२ एप्रिल २०१७, ऐजॉलचं राजीव गांधी स्टेडियम, समोर मोहन बागान. ८३ व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टेचा गोल, १-०. राल्टे सेंटर बॅक! आठवड्याने ३० एप्रिलला शेवटचा सामना शिलाँगला, लाजाँगशी. फक्त एक गुण हवा होता. नवव्या मिनिटालाच दिपांडा डिकाने गोल करून लाजाँगला पुढे नेलं. तिकडे कोलकात्यात मोहन बागान जिंकत आलेलं. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली. पुढचा वेळ कसा गेला असेल! १-१. ऐजॉल ३७, बागान ३६. ईशान्येकडच्या क्लबने देशाची अव्वल लीग पहिल्यांदा जिंकली.

एका गुणाने जिंकणारा संघ तोच असतो ज्याला एका गुणाची किंमत ठाऊक असते. आणि ती किंमत खालिदने मुंबई एफसीत मोजली होती, दर वर्षी, एप्रिल-मे महिन्यात, घसरू की राहू या धाकात.

(दहावा नंबर लिहिला नाही म्हणतोस, लिहितो. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्टने मोसमाच्या मध्यात प्रशिक्षक बदलला, खालिद तात्पुरता आला. लीगचे उरलेले सामने एकही न हरता संघ तिसरा आला आणि उपांत्य फेरीत गेला, तिथे एटीके मोहन बागानकडे हरला. आयएसएलमध्ये, म्हणजे देशाच्या आताच्या अव्वल लीगमध्ये, भारतीय प्रशिक्षकाने तिथपर्यंत नेलं ते पहिल्यांदा. म्हणून त्याला पूर्ण वेळ नेमलं, तेही आयएसएलमधलं भारतीय प्रशिक्षकाचं पहिलं कायम पद. आणि त्या पूर्ण मोसमात संघ दहावा. ते अपयशच होतं. त्यानंतर तो काय करतो? २०२३ मध्ये बंगळूरु युनायटेडला जातो, खालच्या विभागात. आयएसएलमधला माणूस खाली जाऊन पुन्हा सकाळी कोन मांडायला लागतो. मला त्याच्या कारकिर्दीतली ही गोष्ट करंडकाइतकी मोठी वाटते.)

---

बॅकलाइन_४
संध्याकाळी ५:३०

अल-अमनाचा मुद्दा पटला. पण मग प्रश्न तिथेच येतो दादा. भारताच्या संघात अल-अमना कोण? नऊ नंबर, म्हणजे मधोमध उभा राहून गोल करणारा, कोण? छेत्री २०२४ मध्ये निवृत्त झाला, मार्चमध्ये परत बोलवावा लागला, सिंगापूरच्या सामन्यांसाठी खालिदनेही त्यालाच घेतलं. एक्केचाळिसाव्या वर्षी. याचा अर्थ त्याच्या मागे रांगेत कोणी उभंच नाही.

---

गोदाकाठ_११
संध्याकाळी ५:५५

नाही उभं. आणि ते प्रशिक्षकाच्या हातात नाही. आपल्या क्लबांमध्ये नऊ नंबरवर परदेशी खेळाडू उभा असतो, कारण क्लबला रविवारी जिंकायचं असतं. भारतीय पोरगा कडेला ढकलला जातो, विंगर होतो. अठरा वर्षांचा असताना ज्याने मधोमध उभं राहून बॅकचा धक्का खाल्ला नाही, तो पंचविसाव्या वर्षी ढाक्यात काय करणार? वर यंदा लीग वेळेवर सुरूच झाली नाही. एरवी सप्टेंबरात सुरू होते, नोव्हेंबर संपत आला तरी पत्ता नाही. खेळाडू सामन्यांची सवय नसताना थेट देशासाठी उतरले.

नाशिकचंच बघ. आमच्याकडे अकरा-अकराच्या पूर्ण मापाच्या मैदानावर पोरांना वर्षात मोजके सामने मिळतात. हिवाळ्यात क्रिकेटची टेनिस बॉलची स्पर्धा लागली की आमचं मैदान महिनाभर जातं. तक्रार म्हणून लिहीत नाही, क्रिकेटवाल्यांनाही जागा हवीच. पण या शहराने सावरपाड्याच्या कविता राऊतला पळताना बघितलंय, चांदवडच्या दत्तू भोकनळला ऑलिंपिकमध्ये वल्हवताना बघितलंय. पोरांच्या अंगात दम नाही असं कोणी म्हणू नये.

---

गोलकीपरची_आई
संध्याकाळी ७:१०

सातपूर_शिफ्ट यांनी विचारलं, 'आता पोरांना काय सांगायचं', त्याला कोणी उत्तर दिलं नाही म्हणून मी लिहिते. माझी मुलगी गोलकीपर आहे, मी स्वतः शाळेत पीटी शिकवते, आणि तिच्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी मी प्रशिक्षकांच्या डी लायसन्सचा कोर्स केला.

पूर्वी खेळाडूला नोकरी कंपनीची असायची. खेळणं संपलं की टेबल-खुर्ची मिळायची. खालिद ज्या तीन क्लबांकडून खेळला त्यांतला एकही आज नाही. महिंद्रा २०१० मध्ये गेला, एअर इंडिया २०१३ मध्ये लीगबाहेर गेला, मुंबई एफसी २०१७ नंतर. म्हणजे टेबल-खुर्चीची ती वाट त्याच्या डोळ्यांसमोर बंद झाली. त्याच्याकडे उरलं ते शिकवण्याचं काम.

आणि हे काम आता लायसन्सशिवाय होत नाही. डी, मग सी, मग बी, मग ए, आणि शेवटी प्रो. प्रत्येक पायरीनंतर काही काळ प्रत्यक्ष संघ सांभाळावा लागतो, तेव्हा पुढचा कोर्स. वर्षानुवर्षं जातात, पैसे जातात. खालिदकडे प्रो आहे. ते घ्यायला त्याने मुंबई एफसीची नोकरी करता करता अभ्यास केला असणार, याचा विचार केला की मला माझ्या कोर्सचे दिवस आठवतात. पहिल्याच दिवशी आम्हाला एक छोटं सत्र घ्यायला लावलं. मी मुलींना सलग बारा मिनिटं समजावत बसले. शिकवणाऱ्यांनी शिट्टी वाजवली आणि विचारलं, "मॅडम, बारा मिनिटांत पोरींचा पाय चेंडूला किती वेळा लागला?" एकदाही नाही. ते वाक्य मी घरी येऊन वहीत लिहिलं.

तर पोरांना सांगायचं ते हे, की खेळणं तिशीत संपतं पण काम संपत नाही, त्याची तयारी विसाव्या वर्षापासून करा. सगळे खालिद होणार नाहीत. पण नाशिकमधल्या एकेका शाळेला एक जाणता प्रशिक्षक लागला तरी किती माणसं लागतील!

---

सातपूर_शिफ्ट
संध्याकाळी ७:४०

ताई, उत्तर पोचलं. मुलगा सतरा वर्षांचा आहे, हे त्याला वाचून दाखवतो. डी कोर्सला वयाची अट काय असते ते तुम्हाला फोन करून विचारू का?

---

गोलकीपरची_आई
संध्याकाळी ७:४८

जरूर. मेसेजमध्ये नंबर पाठवलाय. शाळा सुटल्यावर, पाचनंतर करा.

---

देवळालीकर
रात्री ८:३०

राष्ट्रीय संघाआधी खालिद जमशेदपूर क्लबला होता, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. गेल्या मोसमात मी त्यांचे बहुतेक सामने बघितले. लीगमध्ये पाचवे आले. प्ले-ऑफमध्ये नॉर्थईस्टला २-० हरवलं, म्हणजे खालिदने आपल्याच जुन्या क्लबला. मग उपांत्य फेरीत मोहन बागानला घरी २-१ हरवलं. परतीच्या सामन्यात कोलकात्यात सॉल्ट लेकला बागान एका गोलने पुढे होतं, एकूण बरोबरी, आणि भरपाईच्या वेळेत त्यांच्या अपुइयाने लांबून जो फटका मारला, तो कोणत्याही गोलकीपरने अडवला नसता. गेलं. मे महिन्यात सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याकडून ०-३.

त्या अपुइयाच्या गोलनंतर कॅमेरा खालिदवर गेला. त्याने हात वर केले नाहीत, कोणावर ओरडला नाही. फक्त टोपी नीट केली. महासंघाने त्याला सलग दोन वर्षं वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक निवडलं ते उगाच नाही. राष्ट्रीय संघाच्या जागेसाठी १७० अर्ज आले होते, त्यांतून तिघं उरले, स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे टार्कोविच आणि हा.

बॅकलाइन, तू तरुण आहेस, तुला घाई असणं बरोबर आहे. मी १९७० चं कांस्य रेडिओवर ऐकलं होतं. तेव्हापासून वाट बघतोय, मला आणखी एक-दोन वर्षं जड नाहीत. चार महिन्यांत माणूस पारखू नये एवढंच म्हणतो.

---

बॅकलाइन_४
रात्री ९:०५

काका, चार महिन्यांत काढा असं मी म्हणत नाही. सकाळी ग्रुपवर रागात लिहिलं होतं, ते काढून टाकलंय. पण आघाडी घेतल्यावर मागे सरकायचं नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. पुढच्या सामन्यात तेच झालं तर मी पुन्हा इथेच लिहीन.

---

गोदाकाठ_११
रात्री ९:२०

लिही. लिहायलाच हवं.

पोरांना ३० एप्रिल २०१७ चा सामना दाखवायचा विचार आहे. पुढच्या रविवारी सकाळी सरावानंतर, आठ वाजता, आमच्या मैदानाशेजारच्या सभागृहात. अर्धा-अर्धा तास थांबवत थांबवत दाखवेन, ऐजॉलची मागची ओळ कशी हलते ते दोरी लावून समजावता येईल. देवळालीकर काका, तुम्ही याल का? पोरांना १९७० ची गोष्ट सांगा. आणि बॅकलाइन, तू ये, तुझ्याइतका लेफ्ट बॅक आमच्याकडे अजून कोणी झालेला नाही, पोरांना उभं राहायचं कसं ते दाखव.

---

देवळालीकर
रात्री ९:३५

येतो. कॅम्पातून सकाळची पहिली बस पकडतो.

---

कूपरेज_स्टँड
रात्री ९:४२

माझ्याकडे ऑफिसचा प्रोजेक्टर आहे, शनिवारी घरी आणतो. मागच्या वेळी त्या सभागृहातला प्लग पडद्यापासून लांब होता, कोणीतरी मोठा एक्स्टेन्शन बोर्ड आणा.

---

बॅकलाइन_४
रात्री ९:५०

बोर्ड मी आणतो, दहा मीटरचा आहे. दोरी पण आणू का, का तुमच्याकडे तीच जुनी निळी आहे?

---

गोदाकाठ_११
रात्री ९:५२

तीच आहे. तुझ्या गाठीसकट.